इंटरनेट नसलेले वाय-फाय

‘या नेटवर्कला इंटरनेट ॲक्सेस नाही.’ भिंतीतल्या पाइपात कॅमेरा सोडून, एका हातात त्याची वायर आणि दुसऱ्या हातात फोन धरून बसलेल्या माणसाला सगळ्यात आधी हे वाक्य दिसते. पाठोपाठ फोन विचारतो, तरीही कनेक्टेड राहायचे का? बहुतेक जण ‘नाही’ दाबतात. ज्या वाय-फायला इंटरनेट नाही ते काय कामाचे, ही आपली रोजची समजूत. काम तिथेच अडते. कॅमेरा चांगला असतो, फोन चांगला असतो, बॅटरी भरलेली असते आणि पडदा मात्र काळाच राहतो. मग दुकानदाराला फोन, मग ‘पीस खराब निघाला’, मग पार्सल परत.

वायरलेस इन्स्पेक्शन कॅमेरा फोनला जोडताना येणाऱ्या अडचणींचा माग काढत गेले, की त्यांतल्या बहुतेक या एका वाक्यापाशी येऊन थांबतात. फोन वाय-फाय म्हणजे इंटरनेट असे धरून चालतो. या कॅमेऱ्याचे वाय-फाय म्हणजे केवळ एक अदृश्य वायर असते, एका डोळ्यापासून एका पडद्यापर्यंत जाणारी. ही गोष्ट खोक्यातल्या बारीक इंग्रजी माहितीपत्रकात धड सांगितलेली नसते. ज्यांच्या हातात हे साधन सगळ्यात जास्त उपयोगी पडेल, ते प्लंबर, गॅरेजवाले, एसीची कामे करणारे, त्यांना ती कुणी मराठीतही सांगत नाही. म्हणून हा आढावा.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. बाजारात तिला एंडोस्कोप कॅमेरा, पाइप कॅमेरा, बोअरस्कोप अशी नावे आहेत. टोकाला साधारण 5.5 ते 8 मिलिमीटर जाडीचे धातूचे नळकांडे असते. त्यात भिंग, त्यामागे इवलासा सेन्सर आणि भिंगाभोवती सहा-आठ बारीक एलईडी. मागे एक मीटरपासून दहा मीटरपर्यंत वायर. वायरच्या दुसऱ्या टोकाला काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी, तिच्यात बॅटरी आणि वाय-फायची चिप. ‘वायरलेस’ हे विशेषण फक्त या डबीपासून फोनपर्यंतच्या अंतराला लागू आहे. पाइपात जाणारा भाग वायरवरच असतो आणि तेच योग्य आहे. वाय-फायच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात आणि ओल्या मातीत झपाट्याने विरतात, लोखंडी टाकीच्या पत्र्यातून तर जातच नाहीत. कॅमेरा आत आणि डबी बाहेर, ही मांडणी म्हणूनच टिकली. भारतात या पट्ट्याला 2005 पासून परवाना लागत नाही. घरातला राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन, शेजाऱ्यांचे राउटर असे सगळेच त्या पट्ट्यात गर्दी करून असतात. दाट वस्तीच्या इमारतीत चित्र अडखळते त्याचे एक कारण ही गर्दी.

डबी चालू केली की ती स्वतःच एक छोटे नेटवर्क उभे करते. फोन त्याला जोडला, की डबी फोनला 192.168 ने सुरू होणारा एक खासगी पत्ता देते. मग ॲप डबीकडे चित्र मागते आणि डबी एकामागून एक जेपीईजी चित्रे पाठवत राहते. आपण ज्याला व्हिडिओ म्हणतो ती बहुतेक स्वस्त कॅमेऱ्यांत सुट्या छायाचित्रांची माळ असते. प्रत्येक चित्र स्वतंत्र, म्हणून चिप साधी चालते आणि एखादे चित्र वाटेत हरवले तरी पुढचे येते. 640 गुणिले 480 पिक्सेलचे एक चित्र 30 किलोबाइटचे धरले आणि सेकंदाला अशी 20 पाठवायची म्हटले, तर सेकंदाला 600 किलोबाइट, म्हणजे सुमारे 5 मेगाबिट लागतात. तेवढे सहज निभते. चित्राचा आकार वाढवला की हाच हिशेब चढत जातो, आणि हात हलवल्यावर पडद्यावरचे दृश्य अर्ध्या-पाऊण सेकंदाने हलू लागते. पाइपात वायर ढकलणाऱ्याला हा उशीर फार जाचतो. वळण आले हे कळेपर्यंत टोक वळणावर आदळलेले असते.

आता फोनकडे येऊ, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे. वाय-फायला जोडल्या जोडल्या अँड्रॉइड फोन गूगलच्या एका ठरावीक पत्त्यावर गुपचूप एक विनंती पाठवतो आणि अपेक्षित उत्तर येते का ते पाहतो. आयफोनही ॲपलच्या पत्त्यावर असेच विचारतो. कॅमेऱ्याच्या डबीमागे इंटरनेट नसल्याने उत्तर येत नाही. 2014 साली आलेल्या अँड्रॉइड 5 पासून फोनची रीत अशी, की वाय-फायला इंटरनेट नसेल आणि मोबाइल डेटा चालू असेल तर सगळी वाहतूक मोबाइल डेटावरून न्यायची. रेल्वे स्थानकावर, हॉटेलात ही सोय उत्तम आहे. कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र ॲपची हाक शेजारच्या डबीकडे न जाता मोबाइलच्या टॉवरकडे जाते. तिथे तो खासगी पत्ता कुणाचाच नसतो. वरच्या कोपऱ्यात वाय-फायची खूण दिसते, डबीचे नाव ‘कनेक्टेड’ दिसते, आणि तरीही पडदा काळा राहतो. चांगल्या ॲपला फोनकडून ‘मला याच वाय-फायवरून जाऊ दे’ अशी मुभा मागता येते. तशी व्यवस्था अँड्रॉइडमध्ये आहे, आणि 2019 च्या अँड्रॉइड 10 पासून ॲपला केवळ आपल्यापुरती वाय-फाय जोडणीही मागता येते. पण स्वस्त कॅमेऱ्यांची ॲप एकदा लिहून सोडून दिलेली असतात आणि ही काळजी त्यांनी घेतलेली नसते.

यावरचा सगळ्यात खात्रीचा उपाय सोपा आहे. आधी विमान मोड लावायचा, मग विमान मोड तसाच ठेवून फक्त वाय-फाय पुन्हा चालू करायचे. आता फोनला पळायला दुसरी वाटच उरत नाही. डबीचे नाव निवडायचे, पासवर्ड मागितला तर माहितीपत्रकातला घालायचा, ‘इंटरनेट नाही, कनेक्टेड राहायचे का’ याला ‘हो’ म्हणायचे, आणि त्यानंतरच ॲप उघडायचे. हा क्रम पाळावा. ॲप आधी उघडून मागाहून वाय-फाय जोडले, तर पुष्कळ ॲप पहिल्याच अपयशावर अडून बसतात. मग ती पूर्ण बंद करून पुन्हा उघडावी लागतात. घरात काम चालले असेल, तर फोन ओळखीच्या घरच्या वाय-फायकडे परत उडी मारतो. तेवढ्या वेळापुरते त्या नेटवर्कचे आपोआप जोडणे बंद ठेवावे. व्हीपीएन चालू असेल तर तेही बंद करावे. ते फोनची सगळी बोलणी दूरच्या सर्व्हरकडे वळवते, आणि त्यात हाताच्या अंतरावरची डबीही हरवू शकते.

आयफोनवाल्यांची अडचण थोडी वेगळी. 2020 च्या आयओएस 14 पासून एखाद्या ॲपला स्थानिक नेटवर्कवरच्या उपकरणाशी बोलायचे असेल तर परवानगी मागावी लागते. पहिल्यांदा ॲप उघडताना येणारी ती चौकट वैतागून ‘परवानगी देऊ नका’ दाबून घालवली, की कॅमेरा कायमचा आंधळा होतो, आणि ॲप पुन्हा विचारत नाही. सेटिंग्जमध्ये गोपनीयतेच्या भागात ‘लोकल नेटवर्क’खाली जाऊन त्या ॲपसमोरचे बटण चालू करावे लागते. शिवाय वाय-फाय असिस्ट नावाची सोय 2015 पासून आहे. वाय-फाय अशक्त वाटले की फोन मोबाइल डेटाकडे वळतो. कॅमेरा वापरताना तीही बंद ठेवलेली बरी.

अँड्रॉइडवर परवानग्यांचा घोळ आणखी जुना आहे. आसपासच्या वाय-फायची यादी पाहायची तर अँड्रॉइड 6 पासून ॲपला स्थानाची, म्हणजे लोकेशनची परवानगी लागू लागली. यामागचे कारण रास्त होते. आसपासच्या राउटरांच्या नावांवरून माणूस कुठे आहे हे काढता येते. पण पाइप पाहायच्या ॲपला माझे ठिकाण कशाला हवे, असे वाटून लोक नाही म्हणतात आणि ॲप डबी शोधूच शकत नाही. 2022 च्या अँड्रॉइड 13 मध्ये ‘जवळपासची डिव्हाइस’ अशी वेगळी परवानगी आली, हे चांगले झाले. माझा सल्ला असा, की वाय-फायची जोडणी ॲपमधून न करता फोनच्या सेटिंग्जमधून करावी. मग पुष्कळदा लोकेशनची गरजच पडत नाही. आणि जे पाइप दाखवणारे ॲप संपर्कयादी किंवा एसएमएस वाचायची परवानगी मागते, ते तत्काळ काढून टाकावे.

ॲप कोणते, हा प्रश्न वाटतो त्याहून अवघड आहे. वेगवेगळ्या नावांच्या खोक्यांत पुष्कळदा त्याच दोन-चार घराण्यांच्या चिप असतात आणि प्रत्येक घराण्याची भाषा निराळी. एका घराण्याचे ॲप दुसऱ्याच्या डबीशी बोलत नाही. म्हणून प्ले स्टोअरवर ‘एंडोस्कोप’ शोधून जे पहिले येईल ते घेणे हा जुगार ठरतो. माहितीपत्रकावरचे नेमके नाव किंवा चौकोनी कोड हाच धागा, आणि तो कागद सांभाळायला हवा. कोड स्कॅन केल्यावर स्टोअरऐवजी एखाद्या परक्या संकेतस्थळावरची एपीके फाइल उतरू लागली, तर मी तिथेच थांबेन. ज्या फोनमध्ये आपले यूपीआय आणि बँकेचे ॲप आहे, त्यात अज्ञात जागेची फाइल घालण्याइतका कोणताही चोकअप महत्त्वाचा नाही.

इथे मला एक मत स्पष्ट मांडायचे आहे. तुमच्याकडे अँड्रॉइड फोन असेल आणि फोन भोकाजवळ धरता येत असेल, तर वायरलेसच्या नादी लागू नये. वायरचा कॅमेरा थेट टाइप-सी पिनेत खोचावा. यूएसबी कॅमेऱ्यांसाठी यूव्हीसी नावाचे सामाईक मानक 2003 पासून आहे. त्यामुळे तिथे घराण्यांची भानगड फारशी नाही. एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्याच्या ॲपमध्ये बहुधा चालतो. पासवर्ड नाही, डबीची बॅटरी नाही, इंटरनेटबद्दलची विचारणा नाही, उशीरही कमी. अडचणी दोनच. एक, फोनला ओटीजी, म्हणजे फोनच्या पिनेत बाहेरचे यूएसबी उपकरण लावण्याची सोय, चालायला हवे. ओप्पो, व्हिवो, रियलमी, वनप्लस यांच्या अनेक फोनांमध्ये ओटीजीचे बटण सेटिंग्जमध्ये हाताने चालू करावे लागते आणि काही काळ वापर झाला नाही की ते आपोआप बंद होते. हे ठाऊक नसल्याने कितीतरी चांगले कॅमेरे बाद ठरवले जातात. दुसरी, नव्या अँड्रॉइडमध्ये यूएसबीच्या परवानगीबरोबर ॲपला कॅमेऱ्याचीही परवानगी द्यावी लागते. वायरलेस कॅमेऱ्यांपैकी पुष्कळांची डबी सुटी करता येते. डबी काढा, आतली पिन फोनला लावा, तोच कॅमेरा वायरचा होतो. आपण पैसे देऊन घेतलेल्या वस्तूत ही सोय दडलेली आहे हेच अनेकांना माहीत नसते.

वायरलेसला खरी किंमत येते ती तीन ठिकाणी. पहिले, जुन्या लाइटनिंग पिनेचे आयफोन, ज्यांना असा यूएसबी कॅमेरा सरळ लागत नाही. या डब्यांचा प्रसार होण्यात त्या फोनांचा वाटा मोठा. आयपॅडवर टाइप-सीचा बाह्य कॅमेरा 2023 च्या आयपॅडओएस 17 पासून चालू लागला. दुसरे, जिथे वायर ढकलणारा एक आणि पाहणारा दुसरा असतो. शिडीवरचा माणूस डक्टमध्ये कॅमेरा सरकवतो आणि खाली उभा असलेला ‘डावीकडे, अजून थोडे’ सांगतो. तिसरे, जिथे फोन ओल्या, तेलकट जागेपासून लांब ठेवायचा असतो. मात्र बऱ्याच डब्या एका वेळी एकाच फोनला चित्र देतात. मालकाचा फोन आधी जोडून बसला असेल, तर मिस्त्रीच्या फोनवर काहीच दिसणार नाही. दुसरा फोन जोडण्याआधी पहिल्याला डबीचे नेटवर्क विसरायला लावा.

शरीराच्या किंवा यंत्राच्या आत डोकावण्याची धडपड दोनशे वर्षे जुनी आहे. आपल्याकडे एंडोस्कोपीला लोक आजही ‘दुर्बीण घालणे’ म्हणतात, आणि तो शब्द मला फार अचूक वाटतो. फिलिप बोत्सिनीने 1806 मध्ये मेणबत्तीचा उजेड वापरून शरीरात पाहायचे साधन दाखवले. ते सरळ नळीचे होते. वाकणारी दुर्बीण यायला काच धाग्यासारखी ओढता यावी लागली. 2 जानेवारी 1954 च्या ‘नेचर’मध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र नेता येते हे दाखवून दिले. त्या जुडग्याच्या दुसऱ्या टोकाला माणसाचा डोळाच लागे. 1983 मध्ये टोकावरच सेन्सर बसवलेली व्हिडिओ-दुर्बीण आली आणि चित्र तारेतून वाहू लागले. पुढे 1990 च्या दशकात नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत एरिक फॉसम यांच्या गटाने सीमॉस सेन्सरचे जे काम केले, त्यातून स्वस्त, इवले, कमी वीज खाणारे सेन्सर आले. फोनच्या कॅमेऱ्यामागे आणि आपल्या या पाइप कॅमेऱ्यामागे तीच वंशावळ आहे.

या साधनाचे मोल देशाने एकदा एकत्र अनुभवले आहे. 12 नोव्हेंबर 2023 रोजी उत्तरकाशीजवळच्या सिलक्यारा बोगद्यात 41 कामगार अडकले. ढिगाऱ्यातून सहा इंची पाइप आरपार गेल्यावर त्यातून एंडोस्कोपिक कॅमेरा आत सोडला गेला, आणि 21 नोव्हेंबरच्या सकाळी हेल्मेट घातलेली ती माणसे आपल्याला जिवंत दिसली. त्यांची सुटका 28 तारखेला झाली. एवढ्या जाड ढिगाऱ्यापलीकडून चित्र आणायला वायरच हवी. कॅमेरा कुठे वायरचा असावा आणि कुठे नाही, याचा धडा त्या एका पाइपात आहे.

महाराष्ट्रातले रोजचे काम एवढे नाट्यमय नसते, पण त्यात वाचणारा पैसा आणि मनस्ताप खरा असतो. कन्सिल्ड लाइन कुठे गळते हे कळत नाही म्हणून बाथरूमच्या अर्ध्या फरशा उखडणे, नहाणीच्या ट्रॅपमध्ये अडकलेला साबणाचा तुकडा शोधण्यासाठी भिंत फोडणे, हे आपण वर्षानुवर्षे सोसले आहे. दहा मिनिटे आत पाहून हातोडा कुठे मारायचा हे ठरवता आले तर काम निम्म्याने घटते. गॅरेजात प्लग काढून त्या भोकातून सिलिंडरची भिंत आणि पिस्टनचा माथा पाहता येतो, हेड न उतरवता. इथे माप महत्त्वाचे. कितीतरी छोट्या मोटरसायकलींचा प्लग 10 मिलिमीटर आट्यांचा असतो. आट्यांच्या आतली मोकळी जागा त्याहून कमी, त्यामुळे 8 मिलिमीटरचा कॅमेरा तिथे जेमतेम घुसतो आणि अडकतोही. 5.5 चाच घ्यावा. इंजिन गार झाल्याशिवाय आत घालू नये, भिंगाजवळचा डिंक आणि प्लास्टिक उष्णता सोसत नाहीत. आणि कॅमेऱ्याच्या टोकाला अडकवायचा तो छोटा आरसा किंवा चुंबक सिलिंडरमध्ये कधीही वापरू नये. तो निसटला की जे उतरवायचे नव्हते तेच हेड उतरवावे लागते. भिंती पाहायच्या असतील तर बाजूला दुसरे भिंग असलेला कॅमेरा मिळतो.

शेतकरी विचारतात, यातून बोअर दिसेल का? नाही. दहा मीटर म्हणजे 33 फूट, आणि आपल्याकडच्या बोअरची खोली शेकडो फुटांत. त्यासाठी रिळावर गुंडाळलेली लांब केबल आणि वरचा स्वतंत्र पडदा असलेले बोअर कॅमेरे घेऊन येणारी माणसे असतात. तुटलेले केसिंग, अडकलेली मोटार त्यांच्याकडूनच पाहून घ्यावी. कानातला मळ पाहायचे वाय-फाय कॅमेरेही आता घरोघरी पोचू लागले आहेत. जोडणीची पद्धत अगदी हीच, पण तिथे मी हात जोडून थांबायला सांगेन. चित्र अर्ध्या सेकंदाने उशिरा येते हे वर सांगितलेच. कानाच्या पडद्यापाशी अर्धा सेकंद फार मोठा असतो. ते काम कान-नाक-घसा तज्ज्ञाचे.

खोक्यावरच्या आकड्यांविषयी थोडके. ‘1080पी’, ‘5 मेगापिक्सेल’ लिहिलेले असते आणि आतला सेन्सर पुष्कळदा 640 गुणिले 480 चा असून चित्र ताणून मोठे केलेले असते. त्यापेक्षा भिंगाचे अंतर विचारा. बहुतेकांचा फोकस पक्का, साधारण 3 ते 8 सेंटिमीटरवर. त्याच्या अलीकडे-पलीकडे सगळे धूसर. पांढऱ्या पीव्हीसी पाइपात एलईडी पूर्ण तेजावर ठेवले तर पडदा पांढराफटक होतो, म्हणून उजेड कमी करावा. काळवंडलेल्या सायलेन्सरमध्ये उलट. आयपी67 ही पाण्याची हमी फक्त टोकाला असते, डबीला नाही. आत घालण्याआधी भिंग मऊ कापडाने पुसावे. धूसर चित्राचे कारण बऱ्याचदा तेवढेच असते.

राहिली सुरक्षितता. कित्येक डब्यांच्या वाय-फायला पासवर्डच नसतो, किंवा 12345678 असतो. म्हणजे शेजारच्या खोलीतला कुणीही त्याला जोडून तुमचा कॅमेरा पाहू शकतो. पाइप दिसला तर बिघडत नाही, पण चालू राहिलेला कॅमेरा न्हाणीघरात तसाच पडून असेल तर बिघडते. ॲपमध्ये पासवर्ड बदलायची सोय असेल तर आल्या दिवशी बदलावा, आणि काम संपले की डबी बंद करावी, नुसते ॲप नाही.

या सगळ्यावर मला पटलेला तोडगा एक जुना फोन आहे. घरात किंवा दुकानात एखादा पडद्यावर चरे पडलेला, सिम काढलेला फोन असतोच. त्यात सिम नाही म्हणून मोबाइल डेटाकडे पळणे नाही. बँक नाही, संपर्क नाहीत, म्हणून कुठल्या ॲपने काय वाचले ही धास्ती नाही. घरच्या वाय-फायचा पासवर्ड त्यात ठेवायचा नाही, म्हणजे तो उडी मारणार नाही. एकदा सवडीने कॅमेरा जोडून, सगळ्या परवानग्या देऊन, ॲपचे आपोआप होणारे अपडेट बंद करून ठेवायचा. काढलेली चित्रे नंतर ब्लूटूथने आपल्या फोनवर घेऊन गिऱ्हाइकाला पाठवायची. फोनच्या पाठीवर एक कागद चिकटवायचा आणि त्यावर मराठीत चार ओळी लिहायच्या: डबीचे नाव, पासवर्ड, ॲपचे नाव, आणि ‘इंटरनेट नाही म्हणाला तर हो दाबा’.